गाणाऱ्याची जनुकं, ऐकणारीची जनुकं: छोट्या मेणकिड्याचं प्रकरण

मधपेटी उघडली आणि जुन्या पोळ्यातून रेशमी जाळीचे बोगदे गेलेले दिसले, तळपाटावर काळसर विष्ठेचे कण सांडलेले दिसले, की मधपाळाला वेगळं काही सांगावं लागत नाही. मेणकिडा लागला. महाबळेश्वरकडच्या सातेरीच्या पेट्या असोत की अमेरिकेतल्या युरोपीय माश्यांच्या, कारण बहुतेक वेळा एकच असतं: वसाहत कमजोर झालेली असते, माश्या सगळी पोळी झाकून बसू शकत नाहीत आणि त्या उघड्या पोळ्यांत पतंगाच्या मादीला अंडी घालायला जागा मिळते. अळ्या मेण, परागकण आणि पोळ्यात साचलेला कचरा खातात. या उपद्रवाच्या दोन जाती आहेत. एक मोठा मेणकिडा, गॅलेरिया मेलोनेला. दुसरा छोटा, अक्रोइया ग्रिसेला. पिवळ्या डोक्याचा, करड्या अंगाचा हा छोटा पतंग जेमतेम एक सेंटिमीटरचा असतो. नुकसान मोठा जास्त करतो, म्हणून मधपाळांच्या पुस्तकांत छोट्याला दोन-चार ओळींच्या वर जागा मिळत नाही.

उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र या छोट्यासाठी तीस-चाळीस वर्षं दिली आहेत, कारण हा पतंग गातो. आणि त्याचं गाणं व मादीची आवड या दोन गोष्टींचा वारसा कसा चालतो हे पाहायला याच्याइतका सोयीचा प्राणी सहज सापडत नाही.

गाणं कसं निघतं

नर रात्री पोळ्याच्या आसपास एका जागी बसतो आणि पंख फडफडवत राहतो. उडत नाही, जागेवरच. पुढच्या पंखाच्या बुडाशी टेग्युला नावाचा एक लहानसा खवल्यासारखा भाग असतो आणि त्याच्यावरच टिंबल नावाची पातळ, ताणलेली चकती. पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्याने दाबलं की ‘टक्’ करून आत जातं आणि सोडलं की ‘टक्’ करून बाहेर येतं, तसंच काहीसं या चकतीचं होतं. पंख वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा, अशी ती वाजते. अशा प्रत्येक वाजण्याला शास्त्रीय लिखाणात स्पंद म्हणतात. मी इथे टिचकी म्हणेन. एक टिचकी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते आणि तिची वारंवारता साधारण ७० ते १३० किलोहर्ट्झ असते. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत पोचतो, त्यामुळे आपल्या लेखी हा पतंग मुकाच.

डावी आणि उजवी चकती अगदी एकाच क्षणी वाजत नाही. दोघींमध्ये किंचित अंतर पडतं, त्यामुळे पंखांच्या प्रत्येक हालचालीला एक टिचकी नव्हे, टिचक्यांची जोडी निघते. अशा ८० ते १०० जोड्या एका सेकंदात, आणि हे रात्रीतले कित्येक तास. पतंग झाल्यावर हा प्राणी काहीही खात नाही. त्याचं तोंडच खाण्याजोगं राहिलेलं नसतं. म्हणजे सात-आठ रात्रींच्या या मैफलीचा सगळा खर्च अळी असताना खाल्लेल्या मेणातून चालतो. जास्त आकर्षक गाणाऱ्या नराला ऊर्जाही जास्त लागते, हे १९९८ मध्ये मोजून दाखवलं गेलं आहे.

मादी हे गाणं पोटाच्या पहिल्या खंडावर असलेल्या कानांनी ऐकते. एका कानात संवेदी पेशी फक्त चार. एवढ्या साधनावर ती नर निवडते आणि पळत त्याच्याकडे जाते. हो, पळत. या जातीत शोधाशोध नर नव्हे, मादी करते. तिला आवडतं ते असं: मोठा आवाज, जोड्यांचा जलद वेग आणि जोडीतल्या दोन टिचक्यांमध्ये थोडं जास्त अंतर. बहुतेक माद्या आयुष्यात एकदाच मीलन करतात, म्हणून ही निवड तिच्यासाठी सारं काही ठरवणारी असते.

हे गाणं पहिल्यांदा ओळखलं गेलं ते मधमाश्यांच्याच प्रयोगशाळेशी जोडलेल्या कामातून. ॲरिझोनातल्या टूसॉनच्या कार्ल हेडन मधमाशी संशोधन केंद्रातले हेवर्ड स्पँगलर, त्यांच्याबरोबर मायकेल ग्रीनफिल्ड आणि टाकेसियन यांनी १९८४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानंतर ग्रीनफिल्ड यांनी हा पतंग सोडलाच नाही. आधी कॅन्सस विद्यापीठात, मग फ्रान्समधल्या तूर इथल्या कीटक-जीवशास्त्र संस्थेत, हेच काम चालू राहिलं.

प्रश्न नेमका काय होता

डार्विनने १८७१ मध्ये मादीच्या पसंतीची कल्पना मांडली. मोराचा पिसारा कशाला, तर लांडोरीला आवडतो म्हणून. पण लांडोरीला तो का आवडावा? रोनाल्ड फिशर यांनी १९१५ मध्ये आणि पुन्हा १९३० मध्ये दिलेलं उत्तर आजही आकर्षक वाटतं. ज्या मादीला लांब पिसारा आवडतो ती लांब पिसाऱ्याचा नर निवडते. त्यांच्या पिल्लांत दोन्ही गोष्टी एकत्र येतात: मुलांत पिसारा, मुलींत त्याची आवड. म्हणजे पिसाऱ्याची जनुकं आणि आवडीची जनुकं एकाच कुळात साठत जातात. मग एक वाढलं की दुसरंही आपोआप ओढलं जातं आणि चाक सुटतं. रसेल लँड यांनी १९८१ मध्ये याला गणिती रूप दिलं.

सगळा भार आहे तो ‘एकत्र साठण्या’वर. आणि इथे एक साधा अडथळा आहे. गाण्याचं जनुक एका गुणसूत्रावर आणि आवडीचं दुसऱ्यावर असेल, तर दर पिढीला पत्ते पिसले जातात. निवडीने जुळलेली जोडी पुढच्या पिढीत निम्मी फुटते. निवड थांबली तर पाच पिढ्यांत मूळ जुळणीचा बत्तिसावा भाग, म्हणजे सुमारे तीन टक्के उरतो. याउलट दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी असतील आणि त्यांची ताटातूट दहातून एकदाच होत असेल, तर पाच पिढ्यांनंतरही जवळजवळ साठ टक्के जुळणी शिल्लक असते. शेजार म्हणजे फार मोठी गोष्ट. त्याहून पुढची शक्यता म्हणजे एकच जनुक दोन्ही कामं करतं: नरात लय, मादीत त्याच लयीची आवड.

ही निव्वळ कल्पना नव्हती. हवाई बेटांवरच्या लॉपाला नावाच्या रातकिड्यांत केरी शॉ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की नराच्या गाण्याचा वेग आणि मादीची त्या वेगाची पसंती यांच्याशी निगडित जागा जनुकसंचात एकाच ठिकाणी पडतात. पण तिथे तुलना दोन वेगळ्या जातींमधली होती: एकीचं गाणं सेकंदाला साडेतीनपेक्षा जास्त स्पंदांचं, दुसरीचं एकाहूनही कमी. एकाच जातीच्या आत, जिथे मादी चांगल्या-वाईट नरांत निवड करते, तिथे काय असतं? हे फारसं कुणी तपासलं नव्हतं.

काम कसं झालं

जमीन आधीच तयार होती. १९९० च्या दशकात यिक्वन जँग, फेंगयी जिया, कॉलिन्स आणि ग्रीनफिल्ड यांनी दाखवलं होतं, की एका नराचं गाणं आज आणि उद्या साधारण सारखंच राहतं, मुलांचं गाणं बापाच्या गाण्याशी जुळतं, आणि मादीची आवड हीसुद्धा तिची स्वतःची, टिकाऊ आणि काही अंशी वारशाने आलेली गोष्ट आहे. हे नसतं तर जनुकं शोधायला जाण्यात अर्थ नव्हता. नर मादीला मीलनात अन्न वा संरक्षण देत नाही. देतो ती फक्त आपली जनुकं. त्यामुळे फिशर यांची कल्पना तपासायला हा पतंग अगदी योग्य.

तूरमधले डेनी लिमूझाँ, माँपेलिएच्या रेजान स्ट्रेफ आणि ब्रिजित कूर्तुआ, ग्रीनफिल्ड आणि इतर सहकारी यांनी २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. पद्धत शेतकी संशोधनात रोज वापरली जाते तीच. गव्हात किंवा भातात उत्पन्नाची जागा शोधतात तशी. आधी जवळच्या नात्यात मीलन घडवत घडवत दोन शुद्ध वंश तयार करायचे. त्यांचा संकर करायचा. त्या संकरितांची पुढची पिढी घेतली की प्रत्येक पतंगात दोन्ही वंशांच्या गुणसूत्रांचे तुकडे वेगवेगळ्या वाटणीने आलेले असतात. मग डीएनए विकरांनी कापून, त्यातले ठराविक तुकडे वाढवून, पट्ट्यांच्या रूपात पाहायचे. याला एएफएलपी म्हणतात. कुठली पट्टी आहे, कुठली नाही, यावरून कुठला तुकडा कुठल्या वंशाचा ते कळतं आणि जवळजवळच्या खुणांचा नकाशा बांधता येतो. शेवटी विचारायचं: जलद गाणाऱ्यांत नकाशावरचा कुठला तुकडा वारंवार सापडतो? अशा तुकड्याला क्यूटीएल म्हणतात. ते जनुक नव्हे. जनुक ज्या गल्लीत राहतं ती गल्ली.

पतंगांच्या बाबतीत निसर्गाची एक मदत होते. पतंग आणि फुलपाखरांच्या मादीत अंडी तयार होताना गुणसूत्रांची आपसांत देवाणघेवाण होतच नाही, गुणसूत्र सबंध पुढे जातं. त्यामुळे आईकडून आलेल्या खुणा पाहून कुठल्या खुणा एका गुणसूत्रावरच्या ते स्वच्छ कळतं, आणि बापाकडून आलेल्या खुणांवरून त्या गुणसूत्रावरचं अंतर.

या प्रयोगातली खरी अडचण मला कायम विलक्षण वाटत आली आहे. एकच पतंग गाऊन आणि निवडून, दोन्ही दाखवत नाही. नराच्या अंगात आवडीची जनुकं असतात, पण तो निवड करायला कधी जात नाही. मादीच्या अंगात तिच्या बापाच्या गाण्याची जनुकं असतात, ती एक टिचकीही वाजवत नाही. म्हणून गाण्याचा नकाशा भावांवरून काढायचा आणि आवडीचा बहिणींवरून, आणि मग दोन नकाशे एकमेकांवर ठेवून पाहायचे. भावांचं रेकॉर्डिंग एकाच तापमानाला करावं लागतं, कारण तापमान चढलं की पंख जलद हलतात. बहिणींची परीक्षा ध्वनिक्षेपकातून गाणं ऐकवून. हे शेकडो पतंगांवर करायचं, आणि पतंग जगतात आठवडाभर. त्या कामाच्या वेळापत्रकाची नुसती कल्पना केली तरी दमायला होतं.

काय सापडलं

गाण्याच्या वेगवेगळ्या अंगांवर आणि मादीच्या प्रतिसादावर परिणाम करणारे बरेच क्यूटीएल मिळाले, बहुतेक मध्यम ताकदीचे. एक मात्र जोरदार होता आणि तो नेमका जोडटिचक्यांच्या वेगावरचा, म्हणजे मादी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष देते त्याच गुणावरचा.

आणि मुख्य प्रश्नाचं उत्तर आलं ‘नाही’. गाण्याच्या जागा आणि मादीच्या प्रतिसादाच्या जागा एकाच सहलग्न गटात, म्हणजे नकाशावरच्या एकाच गुणसूत्रावर, खास एकत्र आल्या आहेत असा पुरावा मिळाला नाही. लेखकांनी निष्कर्ष काढला तो असा, की या पतंगात लैंगिक निवडीचं चाक मंद गतीने चालत असावं आणि गुण टोकाला जाण्याला लगाम बसत असावा. शिवाय असा समतोल प्राण्यांत अपवादापेक्षा नियमच असण्याची शक्यता जास्त.

मला हा ‘नाही’ जोरदार क्यूटीएलपेक्षा मोलाचा वाटतो. फिशरचं सुटलेलं चाक ऐकायला इतकं सुंदर आहे, की अभ्यासक ते जिथे तिथे शोधत जातात. सापडलं की छापून येतं, सापडलं नाही की वही कपाटात जाते. इथे ते सगळ्यात जास्त शक्य होतं अशा प्राण्यात नीट शोधलं, आणि जे दिसलं ते तसंच सांगितलं.

अर्थात या ‘नाही’चा अर्थ ताणू नये. मध्यम नमुन्यावर केलेल्या अशा नकाशात बारीक परिणामाच्या जागा निसटतातच. ज्या पकडल्या जातात त्यांची ताकद खऱ्यापेक्षा थोडी फुगलेली दिसते, ही या पद्धतीची जुनी खोड आहे. एएफएलपीची पट्टी असते किंवा नसते. एक प्रत आहे की दोन, हे ती सांगत नाही. आणि प्रयोग दोनच वंशांत झाला. या दोन वंशांत ज्या जनुकाचं रूप सारखं होतं ते कितीही महत्त्वाचं असलं तरी दिसणारच नव्हतं. तेव्हा ‘शेजार नाही’ असं नव्हे, ‘इथे शेजार दिसला नाही’ असं वाचावं.

तरीही हा निकाल एकटा पडलेला नाही. युरोपातल्या मक्यावरच्या खोडकिडीत, ऑस्ट्रिनिया न्युबिलालिसमध्ये, संदेश गाण्याचा नसून गंधाचा आहे आणि तो मादी देते. तिथे गंधाचं मिश्रण ठरवणारं जनुक २०१० मध्ये सापडलं, ते बाराव्या गुणसूत्रावर. नराची पसंती ठरवणारं जनुक, बॅब, २०२१ मध्ये सापडलं, ते लिंग गुणसूत्रावर. पाठवणारं एकीकडे, ओळखणारं दुसरीकडे, आणि तरी दोन गंधांचे दोन गट शेजारी शेजारी नांदतात. म्हणजे शेजार नसला तरी जुळणी टिकते. ती निवडीच्या जोरावर दर पिढीला पुन्हा बांधावी लागते, इतकंच.

मग सगळे नर सारखे का झाले नाहीत

दर पिढीला माद्या जलद गाणारे नर निवडत असतील, तर मंद गाणाऱ्यांची जनुकं केव्हाच संपायला हवी होती. तशी ती संपलेली नाहीत. जिया, ग्रीनफिल्ड आणि कॉलिन्स यांनी २००० मध्ये एकाच कुळातली भावंडं वेगवेगळ्या परिस्थितीत वाढवली. अळ्यांना भरपूर अन्न मिळणाऱ्या जागी ज्या कुळाचे नर सरस ठरले, ते दुसऱ्या परिस्थितीत सरस राहिलेच असं नाही. क्रम बदलला. मधपेटीचा विचार केला तर हे पटतं: एका पेटीत पोळं ताजं, एकीत जुनं आणि गर्दीचं, एक थंड, एक उबदार. कुठलंच एक जनुकरूप सगळीकडे जिंकत नाही, म्हणून कुठलंच पूर्ण हरत नाही.

दुसरा लगाम वटवाघळाचा. या पतंगाचे कान वटवाघळाचे चीत्कार टिपण्याच्या कामी येत होते आणि गाणं त्या कानांचा फायदा घेत नंतर आलं, असं ग्रीनफिल्ड यांचं मत आहे. वटवाघूळ भक्ष्य शोधत असताना सेकंदाला साधारण दहा आवाज काढतं, प्रत्येक काही मिलिसेकंदांचा. नराची टिचकी त्याहून कितीतरी आखूड आणि कितीतरी भरभर. चार पेशींच्या कानाला एवढा फरक पुरतो. वटवाघळासारखा आवाज ऐकला की गाणारा नर पंख थांबवून गप्प होतो. २०१४ मध्ये जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दाखवलं, की या बाबतीत जास्त आकर्षक नरच जास्त धोका पत्करतात. गाण्याचा जोर वाढला की खर्च असाही वाढतो.

आणि एक गोष्ट, जी जनुकांच्या शोधात सहज फसवू शकली असती. तापमान वाढलं की नराच्या जोडटिचक्यांचा वेग वाढतो. त्याच वेळी मादी जो कमीत कमी वेग स्वीकारते तोही वर सरकतो. दोन्ही बरोबरीने चढतात-उतरतात. हे पाहून कुणालाही वाटेल, की आत एकच यंत्रणा असणार, एकच जनुक. ग्रीनफिल्ड आणि मेडलॉक यांनी २००७ मध्ये हे जुळणं तपासलं आणि ते स्वजाती ओळखण्यासाठी घडवलेलं नाही, आपोआप उमटलेलं आहे असं मत मांडलं. उष्णतेने दोघांच्याही शरीरातल्या क्रिया भरभर होतात, म्हणून दोन्ही आकडे एकत्र हलतात. वागण्यातली जुळणी पाहून जनुकांतली जुळणी गृहीत धरता येत नाही, ते नकाशा काढूनच पाहावं लागलं.

नकाशावरच्या त्या जोरदार क्यूटीएलच्या गल्लीत खूप जनुकं असू शकतात. पण शोध कुठून सुरू करावा याचा एक धागा गाण्याच्या रचनेतच आहे. जोडटिचक्यांचा वेग म्हणजे पंखांच्या फडफडीचा वेग. चकती कशी आहे यावर आवाजाचा जोर आणि वारंवारता अवलंबून असेल, वेग नाही. वेग ठरतो छातीतल्या स्नायूंत आणि त्यांना ताल देणाऱ्या चेतापेशींत. तेव्हा मंद आणि जलद वंशांचे नर एकाच तापमानाला शेजारी ठेवून आधी छातीचे स्नायू तपासावेत, मग चेतापेशींचा ताल, आणि त्यानंतरच टिंबलकडे वळावं, असं मला वाटतं.